क्रीडा चॅनेल काढताय? आधी आयोजकाचं पत्र, मग कॅमेरा

एका कबड्डी स्पर्धेचं पहिलं लाइव्ह आम्ही केलं, तेव्हा आमच्याकडे एक मोबाइल, एक ट्रायपॉड आणि बांबूला सुतळीनं बांधलेली छत्री होती. छत्री पावसासाठी नव्हती. एप्रिलचं ऊन थेट मोबाइलवर पडायचं आणि तापलेला मोबाइल अर्ध्या तासात मान टाकायचा. आता आम्ही सहा जण आहोत, नोंदणी रीतसर आहे आणि कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यात कबड्डी, खो-खो, फुटबॉल आणि जमेल तशी कुस्ती दाखवतो. बघणारी बहुतेक कॉलेजची आणि दहावी-बारावीची पोरं. त्यांच्यातलंच कुणीतरी अधूनमधून फोन करतं, "दादा, आम्हालाही चॅनेल काढायचंय, कॅमेरा कुठला घेऊ?"

कॅमेऱ्याचा नंबर पाचवा आहे. आधीच्या चार गोष्टी कुणी विचारत नाही.

१. खेळ निवडा, आणि आयपीएलचा नाद सोडा

नव्या माणसाच्या डोक्यात पहिली कल्पना हीच येते: आयपीएलचे षटकार कापायचे, वर मराठी समालोचन चढवायचं आणि टाकून द्यायचं. हे करू नका. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आयपीएलचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले आहेत. एवढे पैसे मोजणारा तुमची छोटी क्लिपसुद्धा सोडत नाही, आणि ती शोधायला त्याला माणूसही बसवावा लागत नाही. ते काम यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा करते. "दहा सेकंदांपर्यंत चालतं", "चित्र उलटं केलं की सापडत नाही", "खाली श्रेय लिहिलं की झालं" हे सगळे कट्ट्यावरचे समज. ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाचे इशारे, आले की चॅनेल बंद होऊ शकतं, आणि त्यात तुमच्या घामाचे व्हिडिओही जातात. कायद्यात बातमी देण्यासाठी थोडी मोकळीक आहे, पण ती कोर्टात मांडायची बाजू झाली. तिच्या भरवशावर धंदा उभा करू नका. स्कोअर सांगा, मत मांडा, फळ्यावर क्षेत्ररक्षण काढून दाखवा. ते तुमचं स्वतःचं.

अमेरिकेत २०१६ साली डॅन पोर्टर आणि झॅक वायनर यांनी 'ओव्हरटाइम' ही क्रीडा-व्हिडिओंची कंपनी सुरू केली, तेव्हा ते एनबीए या तिथल्या बड्या बास्केटबॉल लीगच्या हक्कांमागे धावले नाहीत. शाळांच्या बास्केटबॉल सामन्यांना गेले आणि क्लिपा काढल्या. पुढं एनबीएत गेलेला झायन विल्यमसन शाळेत असतानाचे त्याचे डंक, म्हणजे उडी मारून बास्केटमध्ये कोंबलेले बॉल, त्या क्लिपांतून पोरांनी पाहिले. २०२१ मध्ये त्याच कंपनीनं स्वतःची लीग काढली. आपल्याकडे असा माल काय कमी आहे? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. यांचे शाळेतले सामने कुणी नीट शूट करून ठेवले असते तर, एवढाच विचार करा.

सुरुवातीला एकच खेळ घ्या. माझं मत कबड्डीच्या बाजूनं आहे. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे एका जागच्या कॅमेऱ्यात सगळं मावतं. चढाई ३० सेकंदांची, म्हणजे क्लिप आयती कापूनच मिळते. फुटबॉलला उंची लागते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमची गॅलरी आहे म्हणून निभतं, आणि पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे सामने असले की प्रेक्षक शोधावा लागत नाही, आवरावा लागतो. खो-खो बघायला सर्वांत वेगवान आणि दाखवायला सर्वांत अवघड. धावणाऱ्याच्या मागे कॅमेरा फिरवत राहिलात तर बघणाऱ्याला गरगरतं. उंचावर उभं राहा, मैदानाच्या दोन्ही टोकांचे खुंट चौकटीत ठेवा आणि हात बांधून घ्या. गावच्या मैदानातली कुस्ती एका मिनिटात चितपट होते किंवा वीस मिनिटं नुसती खडाखडी चालते. तिथं धीर लागतो आणि डावांची नावं सांगणारा जाणता माणूस लागतो. ढाक आणि घिस्सा यांतला फरक समालोचकाला कळला नाही, तर खाली कमेंटमध्ये वस्तादांची पोरं तुम्हाला सोडत नाहीत.

२. आयोजकाचं पत्र

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. मंडळाचा सेक्रेटरी ओळखीचा असतो, खांद्यावर हात टाकून म्हणतो, "घे रे, तुझंच मैदान आहे." आम्ही त्यावर गेलो. फायनलच्या दिवशी बघतो तर समोरच्या बाजूला दुसऱ्या एका चॅनेलचे तीन कॅमेरे. त्यांना अध्यक्षांनी शब्द दिला होता. शब्द दोघांकडेही होता, कागद कुणाकडेच नव्हता. शेवटी आम्हाला वायर गुंडाळावी लागली, आणि चार दिवस दाखवलेल्या स्पर्धेची फायनल आमच्या चॅनेलवर नाही.

तेव्हापासून मंडळाच्या लेटरहेडवर एक पान घेतो, खाली अध्यक्ष किंवा सचिवांची सही आणि शिक्का. त्यात इतकं असावं:

- स्पर्धेचं नाव, तारखा, मैदान आणि आयोजक संस्था
- थेट प्रक्षेपण, रेकॉर्डिंग आणि नंतरच्या क्लिपा या तिन्हींची वेगवेगळी परवानगी. नुसतं 'लाइव्ह' लिहिलं तर रील टाकताना कुणीतरी अडवतं
- परवानगी फक्त आपल्याला की इतरांनाही
- फुटेज आपल्या मालकीचं, आयोजकांना वापरायला एक प्रत
- स्पर्धेचे प्रायोजक कोण, आणि आपण आपला वेगळा प्रायोजक पडद्यावर दाखवू शकतो का
- कॅमेऱ्याची जागा आणि विजेचा पॉइंट कोण देणार
- पैसे कोण कुणाला किती देणार, आणि पावसानं स्पर्धा पुढं गेली तर काय

स्पर्धा जिल्हा किंवा राज्य संघटनेच्या मान्यतेची असेल तर हक्क संघटनेकडे आहेत की यजमान मंडळाकडे, हे आधी विचारा. मंडळानं दिलेलं पत्र अशा वेळी पुरत नाही.

३. चॅनेल कुणाच्या नावावर?

तिघे-चौघे मित्र जमतात, ज्याचा मोबाइल चांगला त्याच्या जीमेलवर चॅनेल निघतं. वर्षभरानं त्याला पुण्यात नोकरी लागते आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. भांडण व्हायलाच पाहिजे असं नाही, नुसता आळससुद्धा पुरतो.

कंपनीच्या नावानं नवा ईमेल काढा, त्यावर ब्रँड अकाउंट करा आणि किमान दोघांना मालक म्हणून जोडा. मुख्य मालक बदलायचा असेल तर नवा माणूस आधी सात दिवस मालक म्हणून जोडलेला असावा लागतो, त्यामुळे ऐन स्पर्धेत हा उद्योग काढू नका. दोन टप्प्यांची पडताळणी चालू ठेवा. लाइव्ह पहिल्यांदा सुरू करताना २४ तासांपर्यंत वाट बघावी लागते, तेही आदल्या आठवड्यात उरकून घ्या.

इथंच एक गमतीदार खड्डा आहे. व्हिडिओ टाकताना यूट्यूब विचारतं, हा मुलांसाठी बनवलेला आहे का? आपला प्रेक्षक पोरं, म्हणून आम्ही प्रामाणिकपणे 'हो' केलं. लाइव्ह चॅट बंद, कमेंट बंद, आवडीनुसार येणाऱ्या जाहिराती बंद. पहिल्या सेमीफायनलला एवढी सामसूम बघून आम्हाला वाटलं, गावात कुणी बघतच नाहीये! तिथं 'मुलं' म्हणजे साधारण १३ वर्षांखालची. तुमचा प्रेक्षक १५ ते २५ वयाचा असेल आणि आशय खास बालगोपाळांसाठी नसेल, तर उत्तर 'नाही'.

४. नोंदणी आणि कागद

पहिल्या दिवशी प्रायव्हेट लिमिटेड काढायची गरज नाही. एकटे असाल तर स्वतःच्या नावाची प्रोप्रायटरशिप, दोघे-तिघे असाल तर लिखित भागीदारी करार. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, ऐकायला छान वाटते, पण उलाढाल शून्य असली तरी तिचे फॉर्म ८ आणि फॉर्म ११ दरवर्षी भरावे लागतात, आणि उशीर झाला की दंड वाढत जातो. प्रायोजक मोठे झाले आणि ते करार मागू लागले की काढा.

जवळ ठेवायचे कागद:

- सर्वांचे पॅन आणि आधार, मोबाइल आधारला जोडलेला
- भागीदारी करार: कुणाचा वाटा किती, उपकरणं कुणाची, सोडून जाणाऱ्याला काय मिळेल
- जागेचं वीजबिल आणि भाड्याची असेल तर करार
- उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी
- शॉप अॅक्टची, म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याची सूचना. महाराष्ट्रात थोडीच माणसं कामाला असतील तर पूर्ण नोंदणीऐवजी नुसती ऑनलाइन सूचना चालते
- या दोन्हींच्या आधारे उघडलेलं चालू खातं

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण फुकट आहे. शोधताना वरच्या वर सरकारी दिसणारी खासगी पानं येतात आणि हजार-दोन हजार मागतात. पत्त्याच्या शेवटी सरकारी जीओव्ही डॉट इन आहे का एवढं बघा. हे प्रमाणपत्र आधी काढा, कारण भागीदारी फर्मनं ते दाखवलं की ट्रेडमार्कची, म्हणजे नाव राखून ठेवायच्या नोंदणीची, ऑनलाइन फी प्रत्येक वर्गाला ९,००० ऐवजी ४,५०० रुपये पडते. आपल्या कामाचा वर्ग ४१. नाव ठरवताना 'कबड्डी लाइव्ह' किंवा 'मराठी स्पोर्ट्स' असलं सरसकट नाव ठेवू नका, ते राखणं अवघड जातं. आमचं पहिलं नाव असंच होतं, टी-शर्ट छापून झाल्यावर बदलावं लागलं.

सेवा व्यवसायाला वर्षाच्या २० लाख उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण यूट्यूबचे पैसे परदेशी कंपनीकडून येतात आणि त्यांची नोंद वेगळी धरली जाते. पहिल्याच भेटीत सीएला हे सांगा. आणि सामन्यांच्या पलीकडे बातम्या, चालू घडामोडी देणार असाल तर २०२१ चे आयटी नियम लागतात: तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव जाहीर करायचं, तक्रार १५ दिवसांत निकाली काढायची.

५. आता कॅमेरा

पहिल्या सहा महिन्यांना एक चांगला मोबाइल पुरतो. पैसे आवाजावर आणि स्टँडवर घाला. हलणारं चित्र पोरं चालवून घेतात, फाटलेला आवाज नाही.

- जड ट्रायपॉड, सफाईनं वळणाऱ्या डोक्याचा. हलका असेल तर खाली वाळूची पिशवी बांधा
- समालोचकाचा वायरचा माइक, त्यावर केसाळ टोपी. उघड्या मैदानावर वारा माइकमध्ये ढोलासारखा वाजतो
- लॅपटॉप आणि ओबीएस स्टुडिओ हे प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे. स्कोअरची पट्टी यातच बसते
- कॅमेरा जोडणार असाल तर त्याचं चित्र लॅपटॉपमध्ये आणणारं कॅप्चर कार्ड. एचडीएमआय वायर लांब ओढू नका, पंधरा-वीस मीटरला चित्र तुटायला लागतं
- दोन वेगळ्या कंपन्यांची सिम, दोन पॉवर बँक आणि एक छोटा इन्व्हर्टर
- छत्री. चेष्टा नाही

नेटची चाचणी आदल्या दिवशी रिकाम्या मैदानावर घेतली तर ती फसवी असते. संध्याकाळी तिथं पाच हजार मोबाइल येतात आणि तोच टॉवर दमतो. ७२०पीचं चित्र पाठवायला सलग ४ एमबीपीएस अपलोड हाताशी हवं. मिळत नसेल तर शेजारच्या घरातलं किंवा दुकानातलं ब्रॉडबँड मागा. दोनशे रुपये आणि स्क्रीनवर "सौजन्य" एवढ्यावर लोक खुशीनं देतात. विजेचा पॉइंट लाउडस्पीकरवाल्याच्या बोर्डावर घेऊ नका, त्याचा फ्यूज उडाला की तुम्हीही उडता.

आणि लाउडस्पीकरवाल्याशी मैत्री करा. मध्यंतरात तो सिनेमाचं गाणं लावतो, ते तुमच्या माइकमधून जातं आणि लाइव्हवर हक्काचा दावा येतो, कधी प्रक्षेपणच अडतं. आमचा हलगी-घुमक्याचा एक रेकॉर्ड आहे, आमच्याच गावच्या वाजवणाऱ्यांकडून लिहून घेऊन केलेला. पेन ड्राइव्हवर घालून तो आम्ही साउंडवाल्याच्या हातात देतो. मैदानालाही चांगला वाटतो.

६. सामना चालू असतानाच क्लिप

पोरं दोन तासांचं लाइव्ह बघत नाहीत. ती शेवटची पाच मिनिटं बघतात आणि बाकीचं रीलमधून. त्यामुळे एक माणूस फक्त वही घेऊन बसवा. त्याच्या वहीचं एक पान असं दिसतं, आधी वेळ, मग जर्सीचा रंग आणि क्रमांक, मग काय झालं:

*७.४२ – पांढरा ९ – बोनस*
*७.४८ – निळा ४ – सुपर टॅकल, प्रेक्षक उठले*
*७.५५ – पांढरा ९ – तीन गडी, लोण ★★*

चांदणी असलेलं आधी कापायचं. सामना संपून खेळाडू बूट काढेपर्यंत उभी क्लिप बाहेर पडली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कुणी विचारत नाही. पहिल्या दोन सेकंदांत चढाईचा शेवटचा झटका दाखवा, मग मागून पूर्ण चढाई. अक्षरं मोठी आणि मराठीत, कारण बरेच जण एसटीत आवाज बंद ठेवून बघतात.

नाव बरोबर लिहा. सामन्याआधी दोन्ही संघांकडून क्रमांक, नाव, गाव असा कागद घ्या आणि ते वाचून दाखवा. चुकीच्या नावाची क्लिप खेळाडू पुढं पाठवत नाही, आणि तुमचा खरा वितरक तोच आहे. इन्स्टाग्रामवर त्याला सहलेखक म्हणून जोडलं तर पोस्ट त्याच्याही खात्यावर दिसते. त्याच्या वर्गातली, गल्लीतली, मामाच्या गावची पोरं तिथून तुमच्याकडे येतात.

७. अठरा वर्षांखालचे खेळाडू

शालेय आणि किशोर गटात पालकांची लेखी संमती घ्या. संघ व्यवस्थापकाकडून एकगठ्ठा सही चालणार नाही, प्रत्येक पालकाची हवी. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक धरलं आहे. तेव्हा मुलांचे नंबर, जन्मतारखा गोळा करण्याची हौस नको. स्क्रीनवर नाव आणि संघ पुरे, शाळेचा वर्ग आणि घरचा पत्ता कशाला?

मुलींच्या सामन्यांना एक जण फक्त चॅटवर बसतो. आधी नव्हता. एका संध्याकाळी मुलींच्या उपांत्य सामन्यात चॅटमध्ये एका खेळाडूबद्दल जे आलं ते तिच्या वडिलांनी गॅलरीत बसून स्वतःच्या मोबाइलवर वाचलं. ते माझ्याकडे आले, काही बोलले नाहीत, फक्त मोबाइल पुढं धरला. त्या रात्री आम्ही गाळणीच्या शब्दांची यादी केली, देवनागरीत आणि रोमन अक्षरांत, सगळ्या वाकड्यातिकड्या स्पेलिंगांसकट. ती यादी तुम्हीही करा. संशयास्पद कमेंट आधी अडवून ठेवायची सोय चालू करा आणि जखमी किंवा रडणाऱ्या मुलाचा जवळून घेतलेला शॉट कितीही चालणारा असला तरी टाकू नका.

८. पैसा

यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास सार्वजनिक पाहणी लागते, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सला १ कोटी व्ह्यू. लांब व्हिडिओच्या जाहिरातीचा ५५ टक्के वाटा तुमचा, शॉर्ट्समध्ये ४५. हे पैसे गूगलच्या अॅडसेन्स खात्यातून येतात, त्याचा पिन साध्या टपालानं येतो, म्हणून पत्ता पोस्टमनला कळेल असा घाला. आमचा पहिला पिन 'मारुती मंदिरामागे' एवढ्यावर हरवला. अमेरिकेच्या कराचा फॉर्म लगेच भरा. भरला तर भारतातल्या माणसाच्या फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईतून १५ टक्के कापले जातात, न भरल्यास जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत. न्यू जर्सीत बसून गावची फायनल बघणारे आपल्याकडे निघतातच.

तरीही घर यावर चालत नाही. आमचं चालतं ते आयोजकाकडून मिळणाऱ्या दिवसाच्या दरावर आणि स्थानिक प्रायोजकांवर: खेळाच्या साहित्याचं दुकान, दुचाकीचा डीलर, अकॅडमी, दूध संघ. विकायला पाच-सहाच गोष्टी ठेवा. स्कोअरपट्टीतला कोपरा, सामनावीराचा फलक, मध्यंतराची मुलाखत, क्लिपेच्या शेवटचे दोन सेकंद. प्रत्येक चढाईला समालोचकाकडून दुकानाचं नाव वदवून घेऊ नका, ऐकणारा आवाज बंद करतो. अर्धे पैसे आगाऊ, बाकीचे फायनलच्या आधी. फायनल संपली की मांडववाल्यालाही पैसे मिळत नाहीत, तुम्ही तर कॅमेरावाले. पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओला सशुल्क जाहिरातीची खूण लावा.

चॅनेल जरा वर आलं की पहिला मोठा फोन बेटिंग किंवा पैसे लावून खेळायच्या अॅपचा येतो, आणि रक्कम ऐकून घसा कोरडा पडतो. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं अशा ऑनलाइन खेळांची जाहिरातसुद्धा गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'नुसता लोगो', 'बातम्यांचं पान आहे', 'टी-शर्टवर फक्त नाव' असं सांगून तेच येतं. फोन ठेवा.

९. जुनं फुटेज

सामना संपला की मूळ फाइल दोन हार्ड डिस्कवर, आणि दोन्ही डिस्क एका घरात ठेवायच्या नाहीत. यूट्यूबवर आहे म्हणून मूळ पुसू नका, तिथून परत उतरवलेली प्रत तेवढी चांगली नसते. फाइलचं नाव त्याच रात्री द्या. आम्ही असं देतो: वर्ष-महिना-दिवस, खेळ, गाव, गट, दोन्ही संघ. वहीतल्या पानाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये. मागच्या वर्षी एका पोराची राज्य संघात निवड झाली आणि त्याच्या प्रशिक्षकांचा फोन आला, "याच्या किशोर गटातल्या चढाया आहेत का तुमच्याकडे?" वहीच्या पानावर 'पांढरा ९' पुढं दोन चांदण्या होत्या. सात मिनिटांत सापडल्या.